दोनशे चाळीस भागिले चाळीस

१९८४ सालच्या दसऱ्याला, अमेरिकेतल्या पार्सिपनीत, मी श्रीखंडात विष घातलं. हेतू नव्हता. पण घातलं, चांगलं ढवळून घातलं, आणि वर चमचा चाटून पाहिला.

लिहायला बसलोय सुलभाताई देशमुखांबद्दल. श्रीखंड त्यांचं होतं आणि फुलंही त्यांचीच. पण सुरुवात माझ्यापासून झाली, हे त्यांना आवडणार नाही. वर्गात मध्येच हात वर करून स्वतःची हकिगत सांगणारी मुलं त्यांना कधी आवडली नाहीत. तेव्हा मी आता मागच्या बाकावर जातो.

मी सव्वीस वर्षांचा होतो. सांख्यिकीत एम.एस. करून एका विमा कंपनीत कोण कधी मरेल याचे अंदाज मांडत होतो आणि देशमुखांच्या तळघरात भाड्यानं राहत होतो. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "काकू, चावी." अमेरिकेत आपलं माणूस भेटलं आणि ते दहाबारा वर्षांनी मोठं दिसलं की काका नाहीतर काकू, ही इथली रीतच. बाई चावी हातातच धरून थांबल्या.

"काकू कोणाची? यांना भाऊ नाही. मी वनस्पतिशास्त्राची अधिव्याख्याता आहे. मॅडम म्हणा, नाहीतर सुलभाताई म्हणा."

ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी, त्यावर नवऱ्याचा राखी स्वेटर, पायात पांढरे स्नीकर्स. माझ्याहून अठरा वर्षांनी मोठ्या, तरी मला अहो-जाहो करत. विद्यार्थ्यांनाही तसंच करत, असं नंतर कळलं. फक्त राग आला की अमरावती बाहेर यायची. 'तुम्ही'चं 'पोट्ट्या' झालं की समोरच्यानं आपण काय केलंय ते आठवायला लागावं.

'अधिव्याख्याता आहे' यातला 'आहे' मला तेव्हा खटकला होता. पाच वर्षांत त्यांनी एक तास घेतला नव्हता. पण तो शब्द कायद्यानं बरोबर होता. अमरावतीच्या कॉलेजातून त्या एका वर्षाच्या बिनपगारी रजेवर आल्या होत्या. अण्णासाहेब, म्हणजे त्यांचे यजमान, एका रंगाच्या कारखान्यात केमिकल इंजिनियर. त्यांनी ग्रीन कार्डची फाईल लावली होती. फाईल ही अशी वस्तू, की ती कायम पुढच्या सहा महिन्यांत होणार असते. वकिलानं बजावलं होतं की फाईल चालू असताना बाई देशाबाहेर गेल्या तर त्यांचं नाव तीतून गळणार. आणि त्यांच्या व्हिशावर इथे नोकरीला बंदी. तिकडे जाता येत नाही, इथे काही करता येत नाही. मग दर एप्रिलमध्ये निळ्या एरोग्रामवर रजा वाढवण्याचा अर्ज. पाचव्या अर्जाला प्राचार्यांचं उत्तर आलं ते मी आल्यावर. ही शेवटची मुदत, पुढच्या जूनमध्ये कामावर रुजू व्हा, अन्यथा जागा भरण्यात येईल. ते पत्र फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलेलं असे. दूध काढायला गेलं की जून महिना दिसायचा.

अण्णासाहेब भला माणूस. पत्र दिसलं की म्हणायचे, "सुलभा, कार्ड तर येऊ दे. एवढ्यात होईल." आणि दूध घेऊन दार लावायचे.

घर टेकडीवर, गल्लीच्या बंद टोकाला. फुटपाथ नाही, बस नाही, दुकान चार मैलांवर. देशमुखांची एकुलती एक गाडी सकाळी साडेसातला अण्णासाहेबांबरोबर जायची आणि संध्याकाळी सहाला यायची. मधल्या वेळात सुलभाताई गल्लीच्या टोकाच्या गोल रस्त्यावर फेऱ्या मारत. रोज बत्तीस. एकदा कोणीतरी पोलिसांना फोन केला की एक बाई चादर गुंडाळून गोल गोल फिरतेय. पोलीस आला, गाडीची काच खाली करून त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही हरवलात का?"

"नाही," सुलभाताई म्हणाल्या, "मी इथेच राहते. तोच तर प्रॉब्लेम आहे."

पोलिसाला विनोद कळला नाही. तो विनोद नव्हताही.

त्या फेऱ्या मारतानाच त्यांना पहिलं फूल दिसलं होतं, अमेरिकेतल्या पहिल्याच सप्टेंबरात. शेजाऱ्याच्या वाळक्या गवतात, झाडांची पानं पिवळी पडायला लागली असताना, जमिनीतून थेट एक जांभळं फूल. पान नाही, फांदी नाही. "मला वाटलं कोणीतरी खोचून ठेवलंय," त्या सांगायच्या. "खाली वाकून ओढून पाहिलं. आलं नाही. म्हटलं, चला, या गावात कोणीतरी वेळापत्रक मोडून वागतंय."

तो शरदात फुलणारा क्रोकस होता. बाकीचे क्रोकस वसंतात येतात, बर्फ वितळला की, सगळ्यांसारखे. हे मात्र उन्हाळाभर जमिनीखाली झोपतात आणि इतर झाडं आवरायला लागली की उठतात. सुलभाताईंनी त्यांचा नाद घेतला. कॅटलॉग मागवले, मग पत्रं लिहिली. देशभरात अशी फुलं जमवणारे सात लोक त्यांनी शोधून काढले, कोणी निवृत्त दंतवैद्य, कोणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. पोस्टानं कंदांची अदलाबदल चाले. सगळ्यांची पत्रं 'डिअर मिस्टर देशमुख' अशी यायची. त्या दुरुस्त करत नसत. "पाच वर्षांत मला घराबाहेर ओळखणारे एवढेच सातजण," त्या म्हणायच्या, "त्यांना वाटू दे मिशा आहेत."

मी आलो तेव्हा मागच्या अंगणात तेवीस कुंड्या होत्या, जुन्या खिडकीची काच टाकून केलेल्या लाकडी पेटीत, रेतीत गळ्यापर्यंत पुरलेल्या. प्रत्येकीला देवनागरी आकड्याची पट्टी. सप्टेंबर लागला की रोज सकाळी आठ वाजता त्या काच उचलून हजेरी घेत.

"चार?" वाकून पाहायचं. "हजर. नऊ? हजर. सोळा?"

"सोळा दिसत नाही," मी कॉफीचा कप घेऊन पायरीवरून सांगायचो.

"तो ओक्रोल्यूकस जातीचा. हा नेहमीच उशिरा येतो. परवानगी घेतलीय त्यानं."

कंदांबद्दल बोलायला लागल्या की त्यांना थांबवणं कठीण. हा कंद दरवर्षी आपल्या डोक्यावर नवा कंद घडवतो आणि स्वतः वाळून टरफल होतो. उथळ लावला तर जाड मुळं सोडून स्वतःला हवा तितका खाली ओढून घेतो. "बघा, कोणी पुरावं लागत नाही. स्वतःच स्वतःला पुरतो," असं म्हणून एकदा त्यांनी हातातल्या कंदाची माती पुसली, आणि मग मला म्हणाल्या, "हलवायचा असेल तर उन्हाळ्यात, झोपेत असताना. जागा झाला की हात लावायचा नाही."

कुंपणालगत, पेटीच्या बाहेर, आधीच्या घरमालकानं लावलेली आणखी एक रांग होती. तसंच बिनपानांचं फूल, जांभळं, पण दुप्पट मोठं आणि उदार. ते कोल्चिकम. इंग्रजीत लोक त्यालाही ऑटम क्रोकसच म्हणतात. पण ते जहाल विषारी. सुलभाताईंनी मला फुलं आली त्या पहिल्याच आठवड्यात दोन फुलं हातात देऊन धडा दिला होता.

"पुंकेसर मोजा. या फुलात किती?"

"तीन."

"हा क्रोकस. आणि यात?"

"सहा."

"हे कोल्चिकम. पाठ करा. तीन आपले, सहा परके."

मी पाठ केलं. आकडे पाठ करणं हाच माझा धंदा होता.

त्यांच्याकडून शिकण्याच्या बदल्यात मी त्यांना गाडी शिकवत होतो. माझी गंजकी तपकिरी गाडी, चर्चचं रिकामं पार्किंग, दर शनिवारी सकाळी. लर्नर परमिट त्यांनी लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवून काढलं होतं. पार्किंगमध्ये त्या उत्तम चालवायच्या, नियम मोठ्यानं म्हणत. "आरसा. इंडिकेटर. आरसा." पण पार्किंगचं तोंड जिथे रस्त्याला लागतं तिथे स्टॉपची पाटी होती. तिथे येऊन गाडी थांबायची. मोठ्यानं "एक, दोन, तीन" मोजायच्या, दोन्हीकडे बघायच्या, आणि गाडी मागे घ्यायच्या.

"रस्ता मोकळा आहे, सुलभाताई."

"दिसतंय मला."

"मग?"

"आज नको."

असे अकरा शनिवार. बाराव्या शनिवारी मी जरा चिडून म्हणालो की तुम्हाला भीती वाटतेय, कबूल करा. त्यांनी गिअर पार्कमध्ये टाकला.

"रस्त्याची भीती नाही हो. लायसन्स काढलं म्हणजे इथे राहायचं ठरलं, असं होतं. आत्तापर्यंत मी रजेवर आहे."

मी म्हणालो, "हँडब्रेक राहिला."

त्यानंतरच्या आठवड्यात दसरा आला. म्हणजे रविवारी आला, अमेरिकेत आपले सगळे सण रविवारीच येतात. अण्णासाहेबांनी त्यांच्या गोऱ्या साहेबाला दुपारी जेवायला बोलावलं होतं. फाईलच्या एका कागदावर साहेबाची सही हवी होती. अण्णासाहेब सकाळपासून तीनदा दाढीवरून हात फिरवून आले होते. मला विनोद न करण्याची ताकीद होती.

सुलभाताईंनी रात्रभर दही टांगून चक्का केला होता, साखर घालून तो फेटून ठेवला होता. पुऱ्यांचं तेल तापत होतं. कुंडी क्रमांक तेरामध्ये त्यांचं केशर होतं, खऱ्या केशराचा क्रोकस, त्याला त्या सकाळी दोन फुलं आली होती. त्यांनी हात पिठात असताना मला हाक मारली.

"अहो सांख्यिकी, मागे जाऊन केशर काढून आणा. कोमट दुधात चुरडून श्रीखंडात घाला."

आता माझं मन कसं चाललं ते सांगतो, कारण पुढे डॉक्टरनंही तेच विचारलं. मी तेराव्या कुंडीशी गेलो. दोन फुलं. आत तीन पिवळे पुंकेसर आणि तीन गडद लाल धागे. आता मला बाईंनी शिकवलेला शब्द पुंकेसर. केसर म्हणजेच केशर. शिवाय केशरी रंग म्हणजे पिवळ्या-नारंगीकडे झुकणारा, हे पहिलीतलं पोर सांगेल. तेव्हा पिवळे धागे म्हणजे केशर, आणि ते लाल काहीतरी दुसरंच. एवढं ठरलं. पण दोन फुलांत सहा धागे, आणि श्रीखंडाचं भलंमोठं पातेलं. साहेबाला फिकं श्रीखंड वाढायचं? कुंपणालगत चाळीस टपोरी फुलं उभी होती. मी बेसावध नव्हतो. मला धडा आठवत होता. मी वाकून मोजलं. फुलाच्या मधोमध पांढरे, नाजूक धागे होते, बरोबर तीन. तीन आपले. मग त्यांच्याभोवतीचे सगळे पिवळे पुंकेसर मी खुडून घेतले.

मोजणी बरोबर होती. मोजायचं काय, ते चुकलं. माझ्या व्यवसायात याच कारणावरून लोकांना घरी पाठवतात.

श्रीखंडाला मंद पिवळा रंग आला. चमचा चाटला. पानं वाढली. साहेब एकटाच आला होता, उंच, लालबुंद, अवघडून बसलेला. अण्णासाहेब त्याला समजावत होते की हा आमचा सण, विजयाचा दिवस. सुलभाताई पुऱ्या घेऊन आल्या, पानाकडे पाहून थबकल्या.

"रंग बराच आला," त्या म्हणाल्या. "दोन फुलांत?"

"दोन कशाला," मी अभिमानानं म्हणालो, "चाळीस फुलं खुडली. दोनशे चाळीस केसर. मोजलेत."

त्यांचे ओठ हलले. दोनशे चाळीस भागिले चाळीस, एवढा हिशोब त्या उभ्या उभ्या करत होत्या. मलाही त्याच क्षणी उत्तर आलं, पण त्या माझ्या पुढे होत्या. साहेबानं पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवला होता. सुलभाताईंनी त्याच्या हातातून तो काढून घेतला, अक्षरशः बोटांतून, मग त्याची वाटी, मग अण्णासाहेबांची, आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "माफ करा. हे विषारी आहे. भाजी खा, भाजी चांगली आहे."

साहेबानं रुमालानं बोटं पुसली.

"काऊन रे पोट्ट्या," त्या माझ्याकडे वळल्या, "तू चाखलं?"

"एक चमचा. चाटला फक्त."

"सुलभा," अण्णासाहेब हळूच म्हणाले, "साहेब बसलेत."

"बसू द्या. तुम्हीही बसा. साहेबाला भाजी वाढा." त्यांनी गॅस बंद केला. "याची लक्षणं सहा तासांनी येतात, तोवर थांबले तर हे पोट्टं जाईल. चावी दे."

"मी चालवतो," मी म्हणालो. "मला काही होत नाहीये."

"चावी."

त्यांच्याकडे परमिट होतं आणि लायसन्सवाला माणूस शेजारी बसणं सक्तीचं होतं. तो मी होतो. म्हणजे कायद्यानं सगळं बरोबर होतं, फक्त लायसन्सवाल्याला विषबाधा झालेली. गल्लीच्या तोंडाशी स्टॉपची पाटी आली. गाडी थांबली. "एक, दोन, तीन," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं, आणि गाडी पुढे घेतली. सहा मैल त्या एक शब्दही नियमाबाहेरचा बोलल्या नाहीत. "आरसा. इंडिकेटर. आरसा." मी खिडकीचं हँडल धरून बसलो होतो आणि विषापेक्षा मला त्या डाव्या वळणाची जास्त धास्ती होती.

हॉस्पिटलात नर्सनं त्यांना विचारलं, पेशंटचं तुमच्याशी नातं काय.

"माझा विद्यार्थी आहे," त्या म्हणाल्या. "कच्चा आहे."

मला विष शोषून घेणारं कोळशाचं पाणी पाजलं, काळंकुट्ट, वाळूसारखं. ते कसं लागतं ते सांगत नाही, मागच्या बाकावर बसायचं कबूल केलंय. पण खाटेवरून मला पुढचं दिसत होतं ते सांगतो. डॉक्टर तरुण होता, त्याला हे झाड माहीत नव्हतं. सुलभाताईंनी फॉर्मच्या पाठीमागे दोन फुलांच्या आकृत्या काढल्या, उभे छेद, बाण काढून नावं दिली आणि सुरू झाल्या. विष कुठल्या भागात, पेशींवर काय करतं, किती तासांनी काय दिसेल. मध्येच थांबून "लिहून घ्या" म्हणाल्या. डॉक्टरनं लिहून घेतलं. एक नर्स येऊन उभी राहिली, मग दुसरी. "प्रोफेसर, एक प्रश्न," डॉक्टर म्हणाला.

पाच वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी हातात पेन धरून त्यांचं बोलणं उतरवत होतं. त्यांच्या अंगावर नवऱ्याचा स्वेटर होता आणि कोपराला कणीक लागली होती. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी डाव्या हातानं पदर नीट केला, आणि मला वाटतं, त्याच क्षणी त्या परत गेल्या. विमानाचं तिकीट नंतर काढलं, एवढंच.

मला काही झालं नाही. विष जेमतेम जिभेला लागलं होतं. मला रात्रभर ठेवून घेतलं आणि त्या एकट्याच गाडी घेऊन घरी गेल्या, परमिटवर, कायदा मोडून. दुसऱ्या सकाळी न्यायला आल्या तेव्हा हजेरी घेऊन आल्या होत्या.

"सोळा आला," एवढंच म्हणाल्या.

साहेब भाजी-पुरी खाऊन गेला होता आणि कागदावर सही त्यानं आठवड्यानं केली. अण्णासाहेबांनी ती बातमी आणली तेव्हा सुलभाताई फ्रिजवरचं पत्र काढून समोर ठेवून त्याला उत्तर लिहीत होत्या.

"सही झाली," अण्णासाहेब म्हणाले. "आता तर अगदी थोडं राहिलं. आत्ता गेलीस तर नाव जाईल, सुलभा."

"जाऊ दे. तिकडे मस्टरवर आहे."

अण्णासाहेब खुर्चीवर बसले. म्हणाले, "मग माझं कसं?" ते रागानं नव्हतं. खरंच विचारत होते. सुलभाताईंनी पेन खाली ठेवलं. "तुमची फाईल आहे ना," त्या म्हणाल्या, आणि यात टोमणा होता की दया होती, हे मला आजही कळलेलं नाही. मी जिन्यात उभा होतो. वर जावं की खाली, ते ठरत नव्हतं. तसाच उभा राहिलो.

नोव्हेंबरात त्यांनी ड्रायव्हिंगची परीक्षा दिली, पहिल्या फटक्यात पास झाल्या आणि पुन्हा गाडीला हात लावला नाही. लायसन्स वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. जूनच्या सुरुवातीला, कंद झोपले तेव्हा, आम्ही अंगणात वर्तमानपत्रं पसरून तेवीस कुंड्या रिकाम्या केल्या. एकही कंद त्यांनी बरोबर नेला नाही. "अमरावतीत थंडी कुठाय? फुलणार कशावर?" सात पाकिटं केली, सातजणांना पाठवली, आणि पत्राखाली पहिल्यांदाच सही केली, 'सौ. सुलभा देशमुख, अधिव्याख्याता'. कुंडी तेरा मला दिली.

तिचं काय झालं तेही सांगून टाकतो. पुढच्या पानगळीत कुंडीत गवत उगवलं म्हणून मी ते उपटलं. गवताच्या पात्याला मधोमध पांढरी रेघ होती. क्रोकसच्या पानाला अशी रेघ असते, हे मला त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

अण्णासाहेबांचं कार्ड दोन वर्षांनी आलं. ते पार्सिपनीतच राहिले. दर रविवारी अमरावतीला फोन, दर डिसेंबरात वारी. मी तळघरातून निघालो तरी अधूनमधून त्यांच्याकडे जात असे. पेटीची काच तशीच होती, खाली नुसती रेती. ते म्हणायचे, "सुलभा असती तर आत्ता हजेरी चालू असती," आणि फ्रिजचं दार लावायचे.

माझंही कार्ड आलं, आणि १९८९च्या जानेवारीत भारतात गेलो तेव्हा मी मुद्दाम अमरावतीला उतरलो. कॉलेजात विचारत विचारत वरच्या मजल्यावर पोचलो. दार उघडं होतं. आत साठ-सत्तर मुली आणि मुलं, आणि फळ्यापाशी त्या. केस पांढरे झाले होते, साडी तशीच कडक, स्वेटर नव्हता. फळ्यावर खडूनं दोन फुलं काढली होती, अगदी हॉस्पिटलच्या फॉर्ममागे काढली होती तशी. मी दारातच थांबलो. त्यांनी मला पाहिलं, आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवता बोटानं मागच्या बाकाकडे खूण केली.

मी बसलो. बाकावर कोणीतरी करकटकानं नाव कोरलं होतं.

"पुंकेसर तीन म्हणजे क्रोकस," त्या सांगत होत्या, "सहा म्हणजे कोल्चिकम. आता मला सांगा, एका माणसानं चाळीस फुलं खुडली. पुंकेसर निघाले दोनशे चाळीस. झाड कोणतं?"

वर्गातून एका दमात आवाज आला, "कोल्चिकम, मॅडम."

"बरोबर. किती वेळ लागला?"

मुलं हसली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे तर चौथीतलं पोरगंही सांगेल."

सुलभाताईंनी खडू ठेवला आणि मला उभं राहायला सांगितलं. सत्तर माना मागे वळल्या. मी उभा राहिलो, टाय सरळ केला, हसण्याचा प्रयत्न केला. आता अमेरिकेबद्दल दोन शब्द बोलायला सांगतील असं वाटलं, म्हणून मी घसाही खाकरला.

"हे पाहुणे अमेरिकेहून आलेत," त्या म्हणाल्या. "सांख्यिकीतले एम.एस. आहेत. यांना ते आलं नव्हतं." मग माझ्याकडे पाहून, तशाच आवाजात, "बस खाली, पोट्ट्या. अन् जाताना फळ्यावरच्या फुलाले हात नको लावू."